डोंगरावर कायले जाचं?

(वडसा येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

काल आणि आज सकाळी आपण वनहक्क, दारू, पोटगी आणि घरातली मारहाण या विषयांवर बोललो. आता कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'कुटुंबासह डोंगरफेरी : एक अनुभव' असं लिहिलेलं आहे. चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारलं, "ताई, बाया दमल्या म्हणून हा विरंगुळ्याचा विषय ठेवला का?" मी हसले, पण प्रश्न मनात राहिला. विरंगुळा हा आपल्याला विषयच वाटत नाही. महत्त्वाचं सगळं बोलून झालं आणि वेळ उरला तर बोलायची ती गोष्ट, असं आपणही मानतो. आपल्या घरातही असंच असतं. सगळ्यांचं जेवून झालं आणि उरलं तर बाईचं.

सुरुवात कशी झाली ते सांगते. शिकत असतानाची माझी एक मैत्रीण लग्नानंतर स्कॉटलंडला राहायला गेली. सुट्टीत ती नवरा, दोन मुलं आणि इथून गेलेली सासू यांना घेऊन तिथल्या एका खेड्यात चार दिवस राहिली आणि एका सकाळी सगळे मिळून जवळच्या टेकडीवर चढून आले. अवघड काही नव्हतं. मळलेली पायवाट होती, वाटेत खुणेचे खांब होते, तास-दीड तासाचं चालणं होतं. वर बसून त्यांनी चहा प्यायला आणि फोटो काढला. तो फोटो माझ्या मोबाइलवर आला, आणि आमच्या गटाच्या मासिक बैठकीत मी तो सहज बायांना दाखवला.

बायांनी तो फोटो ज्या नजरेने पाहिला, तशी मी पाहिला नव्हता. एकीने विचारलं, "याह्यच्या डोस्क्यावर काहीच कसं नाई?" दुसरी म्हणाली, "देवाले गेले असन." मी म्हटलं, वर देऊळ नाही. "मंग सरपन आनाले?" नाही. "मंग वर काय भेटते?" मी म्हटलं, काहीच मिळत नाही, नुसतं फिरायला गेले होते. त्यावर एक आजी म्हणाल्या, "काहीच नाई भेटत, तं डोंगरावर कायले जाचं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण उत्तर मला देता आलं नाही.

आपल्या भागातली बाई डोंगराला किंवा जंगलाला नवखी नाही. गडचिरोली जिल्ह्याचा बहुतेक भाग जंगल आहे. मार्च-एप्रिलमध्ये ती पहाटे अंधारात मोहफुलं वेचायला जाते. मे महिन्यात तेंदूपाने तोडते, घरी आणून रात्रीपर्यंत त्यांचे पुडके बांधते. मग मोहाच्या टोळ्या. पावसाळ्यात वास्ते आणि रानभाज्या. रोवणा आणि कापणीतून उसंत मिळाली की सरपण. वर्षातले किती दिवस ती जंगलात असते याचा हिशेब आम्ही बैठकीत बोटांवर करायला बसलो, तेव्हा बोटं पुरली नाहीत. मग मी विचारलं, की यातल्या कोणत्या दिवशी तुम्ही रिकाम्या हाताने परत आलात? एकही बाई बोलेना. शेवटी एकजण म्हणाली, "वाघ दिसला होता त्या दिशी."

वाघाचं नाव इथे थट्टेत येत नाही, हे तुम्हांला सांगायला नको. सीटी-१ नावाने ओळखल्या गेलेल्या वाघाने वडसा आणि शेजारच्या भागांत १३ माणसं मारली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला वडसा वनक्षेत्रात बेशुद्ध करून पकडलं. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तरी दुसऱ्या हंगामात बाया जातातच. 'जंगलात जाऊ नको, वाघ आहे' असं घरचं माणूस तेंदूच्या दिवसांत म्हणत नाही, कारण त्या पैशावर शाळेची पुस्तकं आणि खताची पोती येतात. तेच माणूस 'मैत्रिणींबरोबर टेकडीवर जाऊन येते' म्हटलं की म्हणतं, वाघ आहे. वाघ दोन्ही दिवशी तोच असतो. बदलतं ते एवढंच, की पहिल्या दिवशी बाई घरासाठी चालते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी.

म्हणजे आपल्या बाया कधीच कुठे फिरायला जात नाहीत का? जातात. महाशिवरात्रीला विदर्भातून किती बाया पचमढीला, चौरागडाच्या महादेवाला जातात! तो चढ स्कॉटलंडच्या त्या टेकडीपेक्षा कितीतरी अवघड आहे. साठीच्या बाया तो चढतात आणि वर्षभर त्याच्या गोष्टी सांगतात. दिवाळीनंतर मंडई असते. आपलं वडसा तर झाडीपट्टीच्या नाटकांचं गाव. थंडीत रात्रभर नाटक बघायला लेकरं घेऊन बाया जातात, त्याला कोणी नाव ठेवत नाही. तेव्हा बाईच्या पायांत बळ नाही किंवा तिला हौस नाही, असं काही नाही. देवाच्या नावाने, मंडईच्या नावाने, गावाच्या रिवाजाने तिला बाहेर पडता येतं. 'मला जावंसं वाटलं' हे कारण मात्र पुरत नाही. आम्हांला ते कारण एकदा वापरून बघायचं होतं.

कुटुंबासह जायचं की फक्त बायांनी, यावर आमचं बरंच भांडण झालं. मी म्हणत होते, फक्त बाया. नवरे आले की बाया पुन्हा त्यांच्या पाण्या-पानामागे धावणार. बायांचं म्हणणं वेगळं होतं. "आमी एकल्या गेलो तं लेकरं कोनापाशी? सासू कोनापाशी? अन् घरी आल्यावर सैपाक कोन करन?" शिवाय एकजण म्हणाली ते मला पटलं. ती म्हणाली, की बाहेर गेल्यावर आपला माणूस कसा वागतो ते मला एकदा सगळ्यांसमोर बघायचं आहे. तेव्हा कुटुंबासह जायचं ठरलं.

त्यावर मागे बसलेली एक बाई उठली. तिचा नवरा वारला, मूल नाही. ती म्हणाली, "माह्या घरी मी एकलीच. माहं कुटुंब कोनतं?" बैठक शांत झाली. 'कुटुंब' हा शब्द आम्ही किती सहज वापरला होता! वनहक्क कायद्यात, २००६ मध्ये, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने आणि एकटी व्यक्ती कुटुंबप्रमुख असेल तर तिच्या एकटीच्या नावाने द्यायची तरतूद झाली. हे मीच गावोगावी सांगत फिरते. आणि फेरीच्या यादीत मात्र मी 'नवऱ्याचं नाव, मुलांची संख्या' असे रकाने आखले होते. यादी फाडून नवी केली. तिच्यात एकच रकाना ठेवला : तुमच्याबरोबर कोण येणार? त्या बाईने त्यात शेजारच्या दोन मुली आणि आपली म्हातारी आई अशी नावं लिहून घेतली.

जायचं कुठे? पहिल्यांदा सगळ्यांनी पेरजागड म्हटलं. नागभीड तालुक्यातला हा डोंगर सात बहिणींचा डोंगर म्हणून ओळखला जातो आणि त्या नावावरच बाया खूश होत्या. वडशाहून नागभीडपर्यंत आगगाडी आहे. पण तिथल्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात, भोवती घोडाझरीचं वाघाचं जंगल आहे, आणि लहान लेकरं व म्हाताऱ्या घेऊन पहिल्याच वेळी जायला तो चढ सोपा नाही. नाव कितीही आवडलं तरी जागा सगळ्यांना झेपणारी हवी. शेवटी एका गावाजवळची, वर महादेवाचा दगड असलेली बुटकी टेकडी ठरली. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, का ते पुढे कळेल. गावातल्या शेवटच्या घरापासून बांध्यांमधून, बोडीच्या पाळीवरून वाट जाते. गुरांच्या पायांनी मळलेली आहे. धडधाकट माणूस अर्ध्या तासात वर पोचतं.

दिवस जानेवारीतला घेतला. तेव्हा धानाचा चुरणा उरकलेला असतो आणि मोहफुलं सुरू व्हायची असतात. वनरक्षकाला आधी विचारलं. वाघाची अलीकडची खूण त्या बाजूला नाही, हे त्याच्याकडून कळल्यावरच तारीख पक्की केली. बायांनी चार नियम ठरवले. सगळ्यांत हळू चालणारी बाई पुढे, बाकीचे तिच्या मागे. कोयता-कुऱ्हाड घरी ठेवायची आणि परत येताना काडीसुद्धा आणायची नाही. ओझं आणि कडेवरची लेकरं पुरुषांकडे. दारू पिऊन कोणी यायचं नाही. आपल्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी हा चौथा नियम करावा लागतो, हे इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या दिवशी काय झालं ते आता सांगते. चांगलं आधी सांगते.

सर्वांत पुढे गुडघे दुखणाऱ्या एक आजी होत्या, 'कायले जाचं' म्हणणाऱ्या. त्यांच्या चालीने पन्नास-साठ माणसं चालली. तरुण पोरं सुरुवातीला चुळबुळली, मग रमली, कारण हळू चाललं की दिसतं जास्त. अर्ध्या वाटेवर आजी एका दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "माहं शिखर हेच." त्यांना कोणी आग्रह केला नाही. एक नातू त्यांच्याजवळ थांबला. एक बाप आयुष्यात पहिल्यांदा मुलीला कडेवर घेऊन लोकांसमोर चालत होता. त्याची बायको मागून बघत होती आणि पदराआड हसत होती. आणखी एक बाई चालता चालता वाकून वाळलेल्या काटक्या उचलू लागली. मूठभर झाल्या तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती थांबली, हाताकडे बघितलं आणि काटक्या खाली ठेवल्या. नंतर मला म्हणाली, "हाताले सवय हाय, ताई. मले मालूमच नाई पडलं."

वरून बांध्यांचे चौकोन दिसतात, मालगुजारी तलाव दिसतो, आणि हवा स्वच्छ असली तर लांब वैनगंगेची रेघ. नवीन लग्न झालेली एक मुलगी नदीपलीकडे बोट दाखवून म्हणाली, तिकडे माझं माहेर. तिच्या सासूने तिला जवळ बसवून घेतलं आणि स्वतःचं माहेर कुठल्या दिशेला आहे ते दाखवलं. त्या दोघी एका घरात राहतात, पण त्यांनी एकमेकींना हे कधी विचारलं नव्हतं.

एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी वर आलीच नव्हती. तिची पाळी होती आणि वर देव होता. धानोरा-एटापल्लीकडे पाळीत बाईला कुर्माघरात राहावं लागतं, त्याविरुद्ध आपण बोलतो. इथे कुर्माघर नाही, पण वाट तशीच अडते. मी त्या दिवशी वाद घातला नाही. दगडापासून बाजूला सपाट जागा होती, 'आपण तिकडे बसू' एवढं मी म्हणू शकले असते. तेही मला उशिरा सुचलं.

आता आमच्या चुका. पुरुषांनी डबे उचलले, म्हणून आम्ही खूश होतो. वर बसून तांदळाच्या भाकरी आणि जवसाची चटणी खाताना मी एकीला विचारलं, किती वाजता उठलीस? "तीन वाजता." सगळ्याच बाया तीन-चारला उठल्या होत्या. रोजच्यापेक्षा जास्त स्वयंपाक, घराची झाडलोट, गुरांचं शेण, लेकरांच्या आंघोळी. आम्ही बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं, पण ते तिच्या पहाटेवर ठेवलं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनमोलाचं घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २८९ मिनिटं आणि पुरुष ८८ मिनिटं घालवतात, असं आलं आहे. आम्ही सुट्टीच्या दिवशी बायांच्या २८९ मध्ये भरच घातली. आणि एका घरातली सून आलीच नव्हती. बाकीचे सगळे परत आल्यावर जेवण तयार हवं म्हणून ती घरी राहिली होती. 'कुटुंब' आलं होतं, सून सोडून.

दुसरी गोष्ट सांगताना मला अजून त्रास होतो. एक बाई नवऱ्याने नको म्हटलं असताना आली होती. दोन लेकरं घेऊन आली, वर खूप हसली, परतताना पोरांशी शर्यत लावून टेकडी उतरली. घरी पोचली तर दार आतून बंद. अंधार पडेपर्यंत ती लेकरांसह अंगणात बसून होती. गटातल्या बायांना कळलं तेव्हा त्या येऊन तिच्याजवळ बसल्या. कोणी ओरडलं नाही, कोणी दार ठोठावलं नाही. नुसत्या बसून राहिल्या. रात्री सासऱ्यांनी दार उघडलं. आत गेल्यावर तिला मार पडला. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, बोललो, पुढे काय काय करता येईल ते तिला सांगितलं. तिला तक्रार नको होती.

दुसऱ्या फेरीला ती आली नाही. बैठकीला येते. मी तिला एकदा विचारलं, की आम्ही तुला तिथे नेऊन चूक केली का? ती म्हणाली, "मार तं मले सरपन आनाले उशीर झाला तरी पडते. त्या दिशी निदान काही पाहून आली होती."

हे ऐकून टाळ्या वाजवायच्या नाहीत. तिच्या धीराच्या जोरावर आपला कार्यक्रम यशस्वी झाला असं मी म्हणणार नाही. ज्या घरातून नकार आहे तिथे आधी जाऊन बोलायला हवं होतं, आणि परतीच्या वाटेवर तिला घरापर्यंत सोडायला दोघींनी जायला हवं होतं. हे काम डोंगरफेरीच्या आधीचं आणि नंतरचं आहे. ते आम्ही केलं नाही.

दुसरी फेरी आम्ही पुढच्या जानेवारीत काढली. या वेळी सकाळी कोणत्याही घरात चूल पेटवायची नाही असं ठरलं. बोडीच्या पाळीजवळ, मोकळ्या जागी, पुरुषांनी खिचडी शिजवली. करपली. सगळ्यांनी खाल्ली आणि एकाही बाईने चमचा हातात घेतला नाही. मागे राहणाऱ्या सुनांची नावं यादीत सर्वांत वर लिहिली. आणि बसायची जागा देवाच्या दगडापासून लांब ठरवली. त्या मुलीने वर जाऊन नदी पाहिली.

मैत्रिणींनो, स्कॉटलंडच्या संसदेने २००३ मध्ये कायदा करून कोणालाही, इतरांना त्रास न देता, बहुतेक सगळ्या मोकळ्या जमिनीवर फिरण्याचा हक्क दिला. तिथले डोंगरही काही निरागस नाहीत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनी मेंढ्या पाळण्यासाठी तिथल्या कित्येक कुटुंबांना जमिनीवरून हुसकावलं. आज जिथे शांतता वाटते, त्यातल्या काही जागा तशा रिकाम्या झालेल्या आहेत. आपल्याकडे १९२७ च्या वनकायद्याने जंगलात पाऊल टाकणारा गुन्हेगार ठरवला. २००६ च्या कायद्याने काही हक्क परत दिले, आणि २००९ मध्ये मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तो आपल्याच जिल्ह्यात. ही लढाई मोठी आहे आणि ती चालूच ठेवायची आहे. पण त्या कायद्यातही जंगल येतं ते मुख्यतः मोह, तेंदू, बांबू म्हणून, पोटाची गरज म्हणून. पोट भरल्यावर त्याच जंगलाच्या कडेला तासभर नुसतं बसावं, असं बाईला वाटू शकतं, हे आपण आपल्या मागण्यांत कधी लिहिलं आहे का?

म्हणून माझी विनंती साधी आहे. प्रत्येक गटाने वर्षातून एक दिवस अशी फेरी काढावी. जवळची, सोपी टेकडी निवडा. वनरक्षकाला आणि गावसभेला विचारा, दुपारी तीनच्या आत खाली उतरा, वर आग पेटवू नका. सर्वांत हळू चालणारीला पुढे ठेवा. एकट्या बाईला तिचं कुटुंब तिने सांगेल ते धरा. पहाटे कोण किती वाजता उठली ते विचारा, आणि संध्याकाळी प्रत्येकीच्या घराचं दार उघडं आहे ना ते बघून मगच आपल्या घरी जा. घरात कोणाचा वेळ कोणाच्या मालकीचा आहे, हे मला तीन भाषणांत सांगता आलं नसतं, ते त्या एका दिवसात सगळ्यांना दिसलं.

दुसऱ्या फेरीतही आजी अर्ध्या वाटेवरच्या त्याच दगडावर बसल्या. मी त्यांच्याजवळ टेकले आणि विचारलं, "आजी, आता सांगा, डोंगरावर कायले जाचं?"

त्या म्हणाल्या, "बसाले. घरी कुठं बसाले भेटते?"